बाई, तुमचा संघर्ष मी लिहून दिला नाही

बाई,

तुमची तेरवी व्हायची होती तेव्हाच कॉलेजमधून फोन आला. ऑफिसातल्या मॅडमना माजी विद्यार्थ्यांच्या अंकात तुमच्यावर एक पान काढायचं आहे. त्यांचा आवाज खरंच हळवा झाला होता, म्हणून मी आधी मुकाट्याने ऐकून घेतलं. त्यांना तुमचा फोटो हवा होता, जमलं तर मागे जंगल असलेला. आणि तुमच्या संघर्षाबद्दल थोडं लिहून हवं होतं. म्हणजे त्या काळात, तसल्या दुर्गम भागातून एक मुलगी इथवर आली, शिकली, आणि सेवा करायला पुन्हा तिकडेच परत गेली, असं काहीतरी.

मी म्हटलं, "राजुऱ्यात तहसीलसमोर बाईंचं झेरॉक्सचं दुकान होतं. चांगलं चालायचं. जंगलातला फोटो नाही. लॅमिनेशनच्या मशीनपाशी उभ्या आहेत असा एक आहे, तो चालेल का?"

मग त्या म्हणाल्या, "पण इतकी वर्षं त्यांनी कॉलेजसाठी मुलांच्या मुलाखती घेतल्या. त्यामागे काही ध्यास असेलच ना?"

"त्यांना माणसांशी बोलायला आवडायचं," मी म्हटलं. "आणि रविवारी गिऱ्हाईक कमी असायचं."

एवढ्याने त्यांचं पान भरत नव्हतं. त्यांनी पुन्हा फोन केला, मी पुन्हा तेच सांगितलं. मला ठाऊक आहे, तुम्ही यापेक्षा तिखट बोलला असतात. मागे कॉलेजचे एक सर आपल्या भागात आले होते, त्यांनी तुम्हाला दुकानात उभ्या उभ्या विचारलं होतं की शिकून परत का आलात. तुम्ही कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती काढत होतात. मान वर न करता म्हणालात, "मी सेवा कराले नाई आली. मले इथी राहाचं होतं, म्हून आली." सरांनी वहीत काहीच लिहिलं नाही.

म्हणून हे त्यांच्यासाठी नाही, तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही कुठे जन्मलात, किती शिकलात, मागे कोण कोण आहे, यातलं काही लिहिणार नाही. ते तुम्हाला माहीत आहे. आपलं भांडण मात्र अर्धं राहिलं, आणि तुम्ही गेलात एवढ्याने ते मिटलं असं मी मानणार नाही.

पहिल्यांदा तुम्हाला भेटले तेव्हा मी बारावीत होते. आमचं कॉलेज डोंगरात, तिथेच राहून शिकायचं, जागा अगदी मोजक्या आणि अर्ज देशभरातून. अर्ज केलेल्या प्रत्येकाला त्याच्या भागातले माजी विद्यार्थी भेटतात, तासभर बोलतात आणि मूल कसं वाटलं ते कॉलेजला कळवतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी माजी विद्यार्थिनी म्हणजे तुम्ही. बाबांनी फॅक्टरीतून रजा टाकली आणि भद्रावतीहून मला घेऊन आले. मला वाटलं होतं एखादं ऑफिस असेल, निदान हॉटेल तरी. निघालं अर्धं शटर खाली ओढलेलं दुकान. आत टोनरचा वास, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, आणि तुम्ही चष्मा पुसत बसलेल्या.

मला फॅक्टरीच्या कॉलनीतल्या एका सरांनी तयार करून पाठवलं होतं. मागास जिल्ह्यापासून सुरुवात करायची, मग आईचं ऑपरेशन, मग मी दवाखान्याच्या बाकावर बसून केलेला अभ्यास. मी ऑपरेशनपर्यंत पोचले आणि तुम्ही मला थांबवलंत.

"हे घरचं हाय ना?"

"हो."

"मंग घरी राहू दे. आत्ता तं भेटलो आपण. एवढ्यात मायचं ऑपरेशन काऊन सांगून राह्यली मले?"

माझं पाठ केलेलं सगळं एका क्षणात संपलं. रडू यायच्या बेतात होतं. तुम्ही पाण्याची बाटली पुढे केलीत आणि म्हणालात, "असा माणूस सांग, ज्याले सारे मान देतात अन् तुले त्याचं म्हणणं पटत नाई."

मी कॉलनीच्या क्लबच्या सेक्रेटरीकाकांचं नाव घेतलं. ते अंधार पडायच्या आत मुलींना बॅडमिंटन कोर्टवरून घरी पाठवायचे आणि मुलांसाठी लाइट लावायचे. मी बोलत गेले. मध्ये शटरखालून कुणीतरी हात घालून आधार कार्डाच्या प्रती मागितल्या, तुम्ही त्या काढून दिल्यात, आणि मशीन चालू असताना मला म्हणालात, "बोल, बोल. मी ऐकून राह्यली." खरोखर ऐकत होतात. कारण प्रती देऊन झाल्यावर विचारलंत, "मंग त्या काकाचं लाइट बिल कोण भरत होतं?" मी त्याआधी कधी त्या बाजूने विचारच केला नव्हता. कोणीतरी मोठं माणूस माझं बोलणं पुढे नेतंय, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. बाबा बाहेर चहाच्या टपरीवर बसले होते. मी बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "आईचं सांगितलंस ना?" मी म्हटलं, "नाही. त्यांनी सांगू दिलं नाही."

मला जागा मिळाली. पण बाई, हे मी तुम्हाला कितीदा तरी म्हटलंय आणि आताही म्हणते, माझ्या जागेवरून तुमचा नियम सिद्ध होत नाही. माझ्या वडिलांना पक्की नोकरी होती, घरात पुस्तकं होती, कॉलनीत इंग्रजी शाळा होती. मी ऑपरेशन सोडून बोलू शकले, कारण माझ्याकडे बोलायला दुसरं पुष्कळ होतं.

शिकून मी चंद्रपूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा तुमचा फोन आला. "रविवारी येतं का? जोडीले कॉलेजनं नागपूरचा एक देल्ला हाय, पण तो कवाच येत नाई." तेव्हापासून दरवर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला मी राजुऱ्याला यायला लागले. तुम्ही मला मुलाखत घ्यायला शिकवलीत, म्हणजे शिकवलं असं काही नाही, मी शेजारी बसून बघत गेले. पोरगं गप्प झालं की तुम्हीही गप्प व्हायच्या. ती शांतता भरून काढायची घाई मला व्हायची, तुम्हाला कधी झाली नाही. आज वर्गात एखादी मुलगी उत्तर शोधत थांबली की मीही थांबते. तेवढं तुमचं माझ्यात उतरलंय, आणि त्याबद्दल मी कधी तुमचे आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हटलं असतं, "झालं का? आता कामाचं बोल."

तुमचे विषय ठरलेले होते, म्हणजे न विचारायचे. वाघ, नक्षलवाद आणि गरिबी. तुम्ही त्यांना 'ते तिघं' म्हणायच्या. मुलाने स्वतःहून काढलं तर ऐकायचं, पण आपण विचारायचं नाही, आणि त्याने सांगितलं नसेल तर लिहायचं तर मुळीच नाही. का, असं मी विचारल्यावर तुम्ही तुमच्या स्वतःच्या मुलाखतीची गोष्ट सांगितलीत. नागपूरच्या हॉटेलात एका गृहस्थांनी तुम्हाला विचारलं होतं, तू वाघ पाहिलास का.

"मी म्हटलं, पाह्यला."

"खरंच पाहिला होता?"

"खोटं. मी तवा मांजरीपेक्षा मोठं काई पाह्यलं नोतं. पण त्या माणसाचं तोंड असं खुललं का मले नाई म्हणवलं नाई. मंग कॉलेजात गेली तं माह्या आधी माहा वाघ पोचला होता. शेवटपर्यंत वाघवाली पोट्टीच होती मी. मी गणितात काय केलं, कोणाले माहीत नाई. वाघ साऱ्याइले माहीत."

आपण दोघी खूप हसलो होतो. पण मी तेव्हाच म्हटलं होतं, "बाई, त्या वाघानंच तुम्हाला आत घेतलं ना?" तुमचं हसू थांबलं. तिथून आपलं भांडण सुरू झालं.

माझं म्हणणं साधं होतं. शहरातल्या मुलांचे आईवडील त्यांच्यासाठी वर्षभर आधीपासून खपतात. कुणी पियानो दाखवतं, कुणी परदेशातलं शिबिर. निवड करणारे लोक हे सगळं बघतात, आणि त्याच टेबलावर आपल्या पोरांचं जगणंही बघायला तयार असतात. तेवढं एकच आपल्या पोरांच्या हातात आहे आणि तुम्ही ते झाकून ठेवता. तुम्ही म्हणायच्या, "झाकत नाई. ज्याचं त्यानं काढाव. मी त्याच्या खिशात हात नाई घालन." मी म्हणायचे, हा तुमचा ताठा आहे, आणि त्याची किंमत पोरं देतात. यावर तुम्ही पेपरची रीम फोडायला घ्यायच्या.

मग रोहिणी आली.

अहेरीच्या पुढे, प्राणहितेच्या काठच्या गावातली मुलगी. घरचा धंदा मासोळीचा. काकांसोबत सकाळची एसटी धरून आली होती. काका बाहेर थांबले. तिने ओढणी नीट केली आणि सरळ तुमच्या डोळ्यांत बघितलं. तुम्ही तुमचा नेहमीचा प्रश्न विचारलात, कोणाचं म्हणणं पटत नाही. ती म्हणाली, "नाटकवाल्याइचं."

झाडीपट्टीची नाटकं. धान कापून झालं की आपल्याकडे गावोगाव लागतात ती.

"शेवटच्या अंकात बायको नवऱ्याले माफ करते," रोहिणी म्हणाली. "दरसाली. नाटकाचं नाव बदलते, बाईचं नाव बदलते, माफी तेच. अन् सारं गाव रडते. माही मायबी रडते."

"मंग तुले काय वाटते, काऊन करते माफ?"

"मले समजलं नाई, म्हून मी लिहिणाऱ्यालेच जाऊन इचारलं. तो म्हणला, माफ नाई केलं तं लोकं खुर्च्या फेकून मारतीन."

"मंग?"

"मी म्हटलं, आमच्या गावात एका बाईनं नाई केलं माफ. कोणी खुर्ची नाई फेकली. उलट आजूबाजूचे गावं पाहाले आले, तेबी फुकट. तुमी तिकीट लावून पाहा."

तुम्हाला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. रोहिणी हसली नाही. ती म्हणाली, "मले हे शिकाचं हाय. कोणी कोणाले माफ कराव, हे कोण ठरवते ते." तास कधीच उलटून गेला होता. ती गेल्यावर तुम्ही म्हणालात, "एवढ्या वर्षात अशी पोट्टी नाई आली."

मी तिला बाहेर सोडायला गेले होते. ती बसची वेळ विचारायला पुढे गेली आणि काकांनी मला बाजूला घेतलं. त्यांनी सांगितलं की बारावीच्या वर्षीच नदीला पूर आला असताना तिचे वडील डोंगा घेऊन पाण्यात गेले आणि परत आले नाहीत. "हे सांगा मॅडम तुमच्या लोकाइले," ते म्हणाले. "पोरगी नाई सांगणार. यानं काम होईन."

दुकानात परत येऊन मी तुम्हाला म्हटलं, हे लिहायचं.

"तिनं सांगितलं का?"

"काकांनी सांगितलं."

"काकाले अॅडमिशन पाहिजे का?"

"बाई, तिला कळणारसुद्धा नाही आपण काय लिहिलं ते."

"मले तं कळन."

मी त्या दिवशी आवाज चढवला. म्हटलं, ही जागा तुमची नाही, तिची आहे, तुमच्या तत्त्वासाठी तिनं का भरावं. तुम्ही मशीनचं झाकण खाली केलंत आणि शांतपणे म्हणालात, "लिही तू. पण मंग माहं नाव नोको टाकू." दोघींची नावं लागायची. तुम्हाला ठाऊक होतं की तुमच्या नावाशिवाय मी पाठवणार नाही. शेवटी आपण नाटकाचं लिहिलं, माफीचं लिहिलं, आणि पुराबद्दल एक अक्षर नाही.

थोड्या दिवसांनी कॉलेजमधून कुणीतरी तुम्हाला फोन केला. मी दुकानातच होते. उमेदवार छान वाटते आहे, पण पार्श्वभूमी काहीच दिलेली नाही, तुमच्या भागातल्या मुलांचं म्हणजे सहसा... कॉलेजशी तुम्ही नेहमी झकास इंग्रजीत बोलायच्या. त्या दिवशी मुद्दाम आपल्या बोलीत म्हणालात, "गाव नदीकाठी हाय. हवा चांगली हाय. मासोळ्या ताज्या भेटतात."

मग त्यांनी रोहिणीलाच व्हिडिओवर बोलावलं. अहेरीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून ती बोलली. तिथे काय झालं ते तिनं नंतर फोनवर आपल्याला सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, इथपर्यंत येताना काय काय अडचणी आल्या. ती म्हणाली होती, "इथी नेटवर्क जाते, ते अडचण हाय. बाकी काई नाई." त्यांनी घरात कोण कोण असतं म्हणून विचारलं. ती म्हणाली, माय हाय, काका हाय, मी हाय.

तिला घेतलं नाही.

मी त्या रविवारी राजुऱ्याला आले ती फक्त भांडायला. तुम्ही काउंटरमागे बसल्या होतात. मी विचारलं, "झालं समाधान?" तुमचा चेहरा उतरलेला होता, ते मला दिसलं होतं, तरी मी बोलत राहिले. सगळं ऐकून घेऊन तुम्ही म्हणालात, "मी चुकली असन, स्वाती. पण पुढच्या वेळी बी असंच करीन."

मी शटर वर ढकलून निघून गेले. तो सगळा उन्हाळा आणि पावसाळा मी तुम्हाला फोन केला नाही. लोक म्हणतात, माणूस गेल्यावर अशा गोष्टींचा पस्तावा होतो. मला होत नाही, बाई. राग खरा होता आणि ज्या कारणासाठी होता ते कारणही खरं होतं. तुमच्याशी खोटं गोड बोलले असते तर त्याचा पस्तावा झाला असता.

पुढच्या हंगामात तुमचाच फोन आला. "रविवारी दोघं हायेत. येतं का?" मी आले. तुम्ही कोपऱ्यावरून आलुबोंडे आणून ठेवले होते. आपण खाल्ले, मुलाखती घेतल्या. रोहिणीचं नाव तुम्ही काढलं नाहीत, मीही काढलं नाही. पुढे कधीच काढलं नाही. मला वाटत राहिलं की कधीतरी बोलू. तुम्हालाही वाटत असेल. मग एका दुपारी तुमच्या छातीत दुखलं, आणि चंद्रपूरच्या दवाखान्यात मी पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

तेरवीला रोहिणी आली होती. मी तिला आधी ओळखलंच नाही. नागपूरला वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, केस कापलेत, बोलणं तेच. जेवणं झाल्यावर आम्ही मांडवाच्या कडेला बसलो, आणि मी तिला म्हटलं की बाईंच्या मनात तुझं राहून गेलं असणार.

"काऊन राहीन?" ती म्हणाली. "बाई तं आल्या होत्या ना."

"कुठे?"

"अहेरीले. निकाल लागला त्याच हप्त्यात. एसटीनं. बाजाराचा दिवस होता, माय मासोळ्या घेऊन बसली होती. बाई तिच्याच बाजूले बसल्या, पोत्यावर."

मी ऐकत राहिले. ती सांगत होती.

"मले म्हणाल्या, तुही जागा माह्यामुळं गेली. पुढच्या साली परत अर्ज कर. तू म्हणशीन तं मी सारं लिहीन, बापाचं बी लिहीन. नाई म्हणशीन तं नाई लिहीन. तू सांग."

"तू काय म्हणालीस?"

"नाई म्हटलं."

"का पण, रोहिणी?"

ती म्हणाली, "बाबा गेले तवा मी काठावर होती, मॅडम. मी काय पाह्यलं ते अजून मायले बी पुरं नाई सांगितलं. त्याइले काऊन सांगू?"

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाईनं मंग काईच इचारलं नाई. मायजवळून मासोळ्या घेतल्या अन् गेल्या."

बाई, तुम्ही इतक्या वर्षांचा नियम मोडायला एसटीत बसून अहेरीला गेला होतात. माझं म्हणणं तुम्हाला निदान अर्धं पटलं होतं. आणि परत येऊन मला एक शब्द सांगितला नाहीत. का? मी जिंकले असं मला वाटलं असतं म्हणून? की त्या मुलीने तुम्हाला जे सांगितलं, तेही तुम्ही तिच्याच घरचं मानलंत आणि मला सांगितलं नाहीत? दुसरं असणार. तुम्हाला ओळखते मी. तरीही मी तुम्हाला सोडणार नाही. आपण दोघी त्या दुकानात बसून तिच्यावरून भांडलो, आणि तिला जाऊन विचारावं हे तुम्हाला सुचलं ते जागा गेल्यावर. ते आधी सुचायला हवं होतं. तुम्हालाही आणि मलाही.

आणि रोहिणीला ती जागा मिळायलाच हवी होती, हे मी अजूनही म्हणते. तुमच्यामुळे गेली असंही आता म्हणत नाही. एक मुलगी तासभर बोलली, माफ कोणी कोणाला करायचं असा प्रश्न घेऊन आली, आणि पुढे बसलेल्या लोकांना त्यात काही दिसलं नाही, कारण त्यांना तिच्या दारात पाणी शिरलेलं बघायचं होतं. गमावलं त्यांनी. ते वाचत असतील तर वाचू देत.

कॉलेजमधून पुन्हा फोन आला तो यंदाच्या मुलाखतींसाठी. जोडीला दुसरं कोण, असं त्या मॅडमनी विचारलं. मी रोहिणीचं नाव सांगितलं. त्यांनी यादीत शोधलं असणार, कारण थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण या आपल्या माजी विद्यार्थिनी नाहीत."

"नाहीत," मी म्हटलं. "या दोन जिल्ह्यांत तुमची आता मी एकटीच उरले आहे. दुसरी हवी होती तर हिला तेव्हा घ्यायचं होतं."

त्या म्हणाल्या, नियमात बसत नाही. मी म्हटलं, मग तुमच्यापैकी कुणीतरी या, चंद्रपूरहून बस आहे. अजून तरी कुणी आलेलं नाही.

तर गेल्या रविवारी रोहिणी आणि मी तुमच्या दुकानात बसलो. तुमच्या यजमानांनीच शटर उघडून दिलं आणि ते घरी गेले. त्यांना तिथे बसवत नाही अजून. रोहिणीला मी कसं करायचं असतं ते सांगायला गेले, तर म्हणाली, "मी या खुर्चीत बसली होती, मॅडम. मले माहीत हाय."

आलेली मुलगी इथलीच, राजुऱ्याजवळच्या खेड्यातली, आचल तिचं नाव. घरी कापूस आणि सोयाबीन. बसल्या बसल्या तिने सुरुवात केली की सोयाबीन काढताना मळणीयंत्रात तिच्या आईचा हात गेला. मी तिला थांबवायला तोंड उघडलं. होय, मीच. इतकी वर्षं तुमच्याशी उलट बाजूने भांडलेली मी. मला वाटलं, हिलाही कुणी पढवून पाठवलंय, हिलाही घरचं घरी ठेवायला सांगावं.

रोहिणी माझ्या आधी बोलली. तिने विचारलं, "कोणी सांगितलं का तुले हे सांगाले?"

"नाई."

"तुले सांगाचं हाय?"

"हो. मले तेच सांगाचं हाय."

"मंग सांग."

आणि ती सांगत गेली. मी मध्ये बोलले नाही, पण मला ते सोपं गेलं नाही. ती बाहेर पाणी प्यायला गेली तेव्हा मी रोहिणीला म्हटलं की बाईंनी हे होऊ दिलं नसतं. रोहिणी म्हणाली, "बाईनं मले इचारलं होतं. म्हून मी हिले इचारलं." मी म्हटलं, सतरा वर्षांच्या मुलीला विचारणं म्हणजे काय, ती हो म्हणणारच, तिला जागा हवी आहे. ती म्हणाली, "मी नाई म्हटलं होतं. मलेबी जागा पाहिजे होती." आमचा आवाज चढला, बाई. बाहेर आचलला ऐकू जात असणार. मला एकदम फार बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं.

मुलाखत संपल्यावर आचल दारापर्यंत जाऊन थांबली. मी तिला म्हटलं, तू जे आईबद्दल सांगितलंस ते आम्ही लिहू की नको, ते तू ठरव. कुणाला विचारून यायचं असेल तर विचारून ये.

"लिहा," ती म्हणाली. मग परत वळली. "पण माही माय बिचारी हाय असं नोका लिहू. बिचारी नाई ते. लय भांडखोर हाय."

मी तसंच लिहिलं. खाली आधी रोहिणीचं नाव टाकलं, मग माझं.